अमेनबोमधली नवी

चिगुसा उनो अमेनबो बँडमध्ये आली त्याला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि अजूनही सगळे तिला ‘नवी’च म्हणत. चाहते म्हणत, मासिकवाले म्हणत. ती आली तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी सामान उचलणारी पोरंसुद्धा रंगमंचावरून बिनदिक्कत ओरडत, “नवीचा स्पीकर अजून डावीकडे घ्या!” नवी बावन्न वर्षांची होती. वाचायला चष्मा लागत होता, जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरत होता, आणि बेस गिटारच्या जाड तारा दाबून दाबून बोटांची टोकं इतकी राठ झाली होती की उकळत्या उदोन नूडल्सचा वाडगा ती फडक्याशिवाय उचलायची.

त्या नावाचं तिला कधी वाईट वाटलं नाही. बँड तिच्या आधीचा होता, हे खरंच होतं. ताकामात्सुच्या कॉलेजात चार मित्रांनी तो काढला. गाणी लिहिणारा आणि गाणारा रेंजी, गिटारवाला कोसाकु, ड्रम वाजवणारा तेत्सु आणि बेसवर वातारु. अमेनबो म्हणजे तळ्याच्या पाण्यावर चालणारा लांब पायांचा किडा. तो बुडत नाही, एवढ्याच कारणासाठी तेत्सुने ते नाव सुचवलं होतं. त्यांच्या बरोबरीचे बँड फुटले, कुणी राजकारणात गेलं, कुणी करीचं हॉटेल काढलं. अमेनबो मात्र दीड-दोन वर्षांनी एक अल्बम आणि दर शरदात एक दौरा, असा आपल्या चालीने पस्तीस वर्षं चालत राहिला. ज्यांनी शाळेच्या दप्तरात त्यांच्या कॅसेट लपवल्या होत्या ते आता आपल्या मुलींना घेऊन कार्यक्रमाला येत होते, आणि मुली आईबापांपेक्षा मोठ्याने गात होत्या.

या सगळ्या गाण्यांत एक गाणं वेगळं होतं, ‘नऊ चाळीसची बोट’. सकाळी ताकामात्सुच्या धक्क्यावर उभं राहून कुणीतरी कुणालातरी बेटावर जायला निरोप देतं, एवढीच गोष्ट. पण ते लग्नात वाजायचं, शाळांच्या निरोपसमारंभात वाजायचं, बेसबॉलच्या मैदानात हरणाऱ्या बाजूची पोरं ते पितळी वाद्यांवर वाजवायची. गाणं सुरू व्हायचं ते नुसत्या बेसवर. आठ आवर्तनं दुसरं काहीच नाही. आणि दर चौथ्या आवर्तनाच्या शेवटी दोन ठोके बेसही गप्प. त्या रिकाम्या जागेवर लोक वेडे होते.

त्या रिकाम्या जागेबद्दल मुराओका नावाच्या समीक्षकाने आपल्या पुस्तकात सबंध प्रकरण लिहिलं होतं. ते असं, की बापाच्या आजारपणामुळे वातारुला बँड सोडून घरी, शोदोशिमा बेटावर, सोया सॉसच्या कारखान्यात परतायचं होतं. हे ठाऊक असताना त्याने हे शेवटचं गाणं वाजवलं, आणि ज्यात पुढे दुसरं कुणी बसू शकणार नाही अशी आपल्या मापाची पोकळी गाण्यात खणून ठेवली. बँडवर प्रेम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य तोंडपाठ असायचं. रेंजी तर दर कार्यक्रमात गाण्याआधी हीच गोष्ट सांगायचा. ‘वातारुची शेवटची भेट’ असं म्हणून तो एक क्षण थांबायचा, आणि सभागृहात रुमाल बाहेर निघायचे.

यात एकच अडचण होती. त्या दिवशी वातारु स्टुडिओत नव्हताच.

बाप पिंपांच्या मधोमध कोसळला असा फोन सकाळी आला, आणि वातारुने पहिली गाडी पकडली. तोक्योतला स्टुडिओ तीन दिवसांसाठी घेतलेला. शेजारच्या खोलीत तेवीस वर्षांची चिगुसा लहान मुलांच्या टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी बेस वाजवत होती. तेत्सुने तिला बोळात गाठलं.

“बेस येतो ना?”

“टूथपेस्टपुरता येतो.”

“चालेल. ये.”

तिने गाणं दोनदा वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवलेलं ठेवलं गेलं. दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत ती पुन्हा टूथपेस्टपाशी होती. अल्बमचं वेष्टण आधीच छापून झालं होतं, त्यावर बेसपुढे वातारुचं नाव. मग त्याने बँड सोडल्याची बातमी फुटली, रेडिओवरच्या कुणीतरी गहिवरून ‘शेवटची भेट’ असे शब्द वापरले, आणि गाणं वणव्यासारखं पसरलं. कंपनीने सांगितलं, आता राहू द्या. चिगुसाला बँडने बरोबर घेतलं होतं, आणि त्या आनंदात तिने ते वाजवणं स्टुडिओतल्या मांजराच्या नावावरही लावू दिलं असतं.

पस्तिसाव्या वर्षी कंपनीने ठरवलं की तरुण बँडनी अमेनबोची गाणी आपापल्या तऱ्हेने वाजवायची आणि त्याचा एक अल्बम काढायचा. ‘नऊ चाळीसची बोट’ यामागाताच्या होशिगाकी नावाच्या तीन मुलींच्या बँडकडे गेलं. त्यांची बेसवाली इरोहा त्सुत्सुमी, वय चोवीस. ऑगस्टमधल्या एका दुपारी ती तोक्योत अमेनबोच्या तालमीच्या खोलीत मिठाईचा डबा घेऊन आली आणि दारातच कमरेत वाकली ती वर येईना.

“अगं ऊठ, पाठ धरेल,” तेत्सु म्हणाला.

इरोहा उठली. रेंजीसमोर वाकली, कोसाकुसमोर वाकली, आणि चिगुसासमोर येऊन म्हणाली, “चिगुसा-सान, मला तुमचंही वाजवणं खूप आवडतं.”

“आभारी आहे,” चिगुसा म्हणाली. त्या ‘ही’ने तिला हसूच आलं.

“मी अकरा वर्षांची होते तेव्हा ‘बोट’ ऐकली आणि दुसऱ्या दिवशी बेस मागितला. घरच्यांना वाटलं, पियानो म्हणत असेल.” इरोहा चटईवर बसली. “आता ते गाणं आम्हाला मिळालंय आणि मला ती रिकामी जागा जमत नाहीये. ठोके बरोबर मोजते. मशीन लावून बघितलं, केसाचाही फरक नाही. पण माझी जागा वीज गेल्यासारखी वाटते. आणि वातारु-सानच्या जागेत कुणीतरी उभं असतं. खरंच असतं! मुराओकांचं प्रकरण मी चाळीस वेळा वाचलं. आपणही कुणालातरी सोडून चाललोय असं मनात आणायचं, म्हणून सराव करताना घरच्या कुत्र्याचा विचार करत होते.”

“मग?”

“रडायला येतं, बेस येत नाही.”

कोसाकु आधीच सुरात असलेली गिटार पुन्हा सुरात लावायला लागला. तेत्सु काठ्यांची टोकं तपासत बसला. रेंजी खोकला.

“म्हणून मी पुढच्या आठवड्यात शोदोशिमाला जाणार आहे,” इरोहा म्हणाली. “वातारु-सानना विचारणार. वाजवताना नेमकं काय चाललं होतं त्यांच्या मनात.”

ती निघून गेली. चिगुसाने मिठाईचा डबा उघडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की गाणं महत्त्वाचं, नावात काय आहे. आज तिला वेगळंच दिसलं. ही पोरगी चुकीच्या माणसाला पत्ता विचारायला निघाली होती, आणि ज्या घरी जायचं त्या घराची मालकीण इथे बसून मिठाई खात होती.

“मी सांगणार आहे तिला,” ती म्हणाली.

“काय सांगणार आहेस?” रेंजीने विचारलं, जणू त्याला माहीत नव्हतं.

“तिलाच नाही, सगळ्यांना. ताकामात्सुच्या कार्यक्रमात तू ती गोष्ट सांगायची नाहीस. मी बोलेन.”

“चिगुसा, पस्तिसावं वर्ष आहे. लोक त्या गोष्टीवर रडतात!”

“गाण्यावर रडू दे ना. गाणं काय कमी आहे?”

“आणि लोक काय म्हणतील? एकोणतीस वर्षं खोटं बोललो म्हणतील.”

“तू बोललास. मी गप्प बसले. ते काही फार चांगलं नव्हे, पण निदान कमी शब्दांत झालं.”

तेत्सु खो खो हसला. रेंजीने त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि शेवटचा पत्ता टाकला. “वातारुचं काय? कारखान्यात माणसं येतात ती त्याच्यासाठी. आपली ‘बोट’ ऐकून येतात, फोटो काढतात, बाटल्या घेऊन जातात. त्याच्या पोटावर पाय देणार आहेस?”

चिगुसाने डब्याचं झाकण लावलं.

“त्याला आधी विचारते,” ती म्हणाली. “इरोहाबरोबर मीच जाते. तू येऊ नकोस, तू बोटीवरच रडायला लागशील.”

गाण्यातली नऊ चाळीसची बोट वेळापत्रकातून केव्हाच गेली होती. त्या दोघी दहाच्या आधीच्या एका बोटीने निघाल्या. समुद्र तव्यासारखा सपाट होता. इरोहाने खांद्यावरची बेसची पिशवी बाकाला टेकवली आणि बोटीवरच्या खिडकीतून उदोनचे दोन वाडगे आणले. एक तिला हातात धरवेना, तो चिगुसाने सहज घेतला.

“ते कसे आहेत हो?” इरोहाने नूडल फुंकत विचारलं.

“वातारु? मी दोनदाच भेटलेय. एकदा त्याच्या वडलांच्या अंत्यविधीला आणि एकदा बँडच्या विसाव्या वर्षाच्या जेवणाला. तो निम्म्यातून उठला होता, पिंपं ढवळायची होती म्हणे.”

“इतकं साधं राहणं!” इरोहाचे डोळे भरून आले. चिगुसाने रस्सा पिण्यात तोंड घातलं. हिला आत्ताच सांगून टाकावं असं तिला दोनदा वाटलं. पण आधी वातारुशी बोलायचं हे तिने ठरवलं होतं, आणि ठरवलेलं ती सहसा मोडत नसे.

कारखान्याचा वास कारखान्याआधी अर्धा मैल आला. आत अंधार, गारवा, आणि दोन पुरुष उंच देवदारी पिंपांच्या रांगा. शंभर वर्षांच्या बुरशीने भिंती काळ्या पडलेल्या. वातारु डोक्याला टॉवेल गुंडाळून, रबरी बूट घालून वरच्या फळीवरून खाली उतरला. अठ्ठावन्न वर्षांचा, खांदे बैलासारखे, हसरा. इरोहा वाकली. तिला परत उभं करायला त्याला बराच वेळ लागला.

“इरोहा,” चिगुसा म्हणाली, “समोरच्या दुकानात सोया सॉसचं आइस्क्रीम मिळतं. दोन खा. मला यांच्याशी थोडं बोलायचंय.”

ती गेली. चिगुसाने प्रस्तावना केली नाही. “वातारु-सान, ‘बोट’वरचा बेस मी वाजवलाय हे मला जाहीर सांगायचंय. तुमच्या दुकानावर परिणाम होईल असं रेंजी म्हणतो. म्हणून विचारायला आले. तुम्ही नको म्हणालात तर मी विचार करेन. पण मला सांगायचंय.”

वातारुने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला पिंपाचा आधार घ्यावा लागला.

“अहो, मी पहिल्या वर्षापासून हेच सांगतोय!”

“म्हणजे?”

“लोक यायला लागले तेव्हाच सांगितलं. म्हटलं, बाबांनो, मी तेव्हा तोक्योत नव्हतो, इकडे यायच्या गाडीत होतो. तो बेस माझा नाही. तर ते माझा हात हातात घेऊन रडतात! ‘केवढा हा विनय!’ एकाने लिहिलं, हा माणूस आपली शेवटची भेटसुद्धा आपली म्हणत नाही. मी जितकं नाही म्हणतो तितका मोठा होत जातो. मला संत करून ठेवलंय या लोकांनी, चिगुसा-सान. चला, पाटी दाखवतो.”

“कसली पाटी?”

तो तिला दुकानाच्या दारापाशी घेऊन गेला. तिथे खरोखरच एक लाकडी पाटी होती, त्याच्याच जाड अक्षरात: ‘तो बेस मी वाजवलेला नाही.’ पाटीपुढे दोन बायका एकमेकींचे फोटो काढत होत्या.

“बघा,” वातारु म्हणाला. “सगळ्यात जास्त फोटो हिचेच निघतात.”

चिगुसा खाली बाकावर बसली. हसू थांबेना. इतक्या वर्षांत तिने त्याच्याबद्दल काय काय कल्पना केल्या होत्या. तो ते नाव मिरवत असेल, किंवा लाजत असेल. तो पाटी लावून बसला असेल हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

वातारु तिच्या शेजारी बसला. टॉवेल काढून त्याने मान पुसली. “खरं सांगू? पहिली दोन वर्षं मला तुमचा राग होता. वडील झोपून होते, रेडिओवर ते गाणं लागलं. ऐकलं आणि कळलं, हे मला जमलं नसतं. मी भरून टाकलं असतं सगळं. मला गप्प बसताच यायचं नाही. ती जागा ऐकली आणि वाटलं, बरं झालं आलो निघून. त्याचाच राग होता.”

“मग बँडला का नाही कळवलंत? पाटीचं, माणसांचं?”

“रेंजीला एकदा फोन केला होता. तो म्हणाला, ‘राहू दे रे, लोक रडतात.’” त्याने खांदे उडवले. “आणि तुम्ही? इतकी वर्षं?”

“आधी कंपनीने नको म्हटलं. मग कुणी विचारलंच नाही. आणि मग न सांगण्याची सवय झाली.” तिने समोरच्या आइस्क्रीमच्या दुकानाकडे बोट दाखवलं. “परवा या पोरीने विचारलं.”

इरोहा ओठाला आइस्क्रीम लावून परत आली. चिगुसाने तिला सरळ शब्दांत सांगितलं. इरोहाने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग तिने वातारुसमोर हात जोडले.

“वातारु-सान, तुमचा मोठेपणा मला माहीत आहे. पण चिगुसा-सानना तुम्ही कशाला यात…”

“बघितलंत?” वातारुने हात वर केले. “हेच. रोज हेच!”

“तुझा बेस दे,” चिगुसा म्हणाली.

आत जाऊन, पिंपांमधल्या पायरीवर बसून, तिने तो मांडीवर घेतला. स्पीकर नव्हता. नुसत्या तारांचा आवाज मुंगीएवढा यायचा, म्हणून तिने इरोहाला कान लाकडाला लावायला सांगितला. इरोहा गुडघ्यावर बसली आणि तिने गाल बेसच्या कडेला टेकवला. चिगुसाने सुरुवात केली. एक आवर्तन, दोन, तीन. चौथ्याच्या शेवटी हात थांबला, आणि इरोहाच्या डोक्यावर, अगदी जवळ, एक लांब श्वास आत गेला. पुन्हा चार आवर्तनं. पुन्हा तोच श्वास, पोटापासून, खांदे किंचित वर.

इरोहाने डोकं उचललं. “तुम्ही श्वास घेताय!”

“ट्यूबा,” चिगुसा म्हणाली. “अकिताला शाळेच्या वाद्यवृंदात सहा वर्षं पितळी ट्यूबा फुंकत होते मी. माझ्याएवढाच होता तो. चार आवर्तनांनंतर श्वास घेतला नाही तर चक्कर येऊन पडायचे. नंतर बेस घेतला, पण छातीला कुणी सांगितलंच नाही. अजूनही तिथे आले की हात आपोआप थांबतो.”

“म्हणजे ती पोकळी… निरोप…”

“निरोपबिरोप काही नाही. दम लागला होता.”

वातारुने तोंडावर टॉवेल धरला होता, पण खांदे हलत होते. इरोहा मात्र हसली नाही. ती पायरीवर बसून राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. “मी तुम्हाला म्हणाले, तुमचंही वाजवणं आवडतं. ‘ही’ म्हणाले मी!”

“म्हणालीस खरी. मला बरं वाटलं होतं.”

“तेरा वर्षं मी तुमच्यासाठी सराव करत होते, आणि नाव मात्र…” चिगुसाने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोहणाऱ्या मुलीसारखी रुंद, घट्ट पाठ होती. त्या पाठीखाली श्वास भरभर चालला होता, तो हळूहळू ठिकाणावर आला. कुणीतरी आपल्यासारखं वाजवायला तेरा वर्षं धडपडलं, आणि ते आपल्याला आज कळतंय. चिगुसाला वाईट वाटलं नाही. तो सरळ सरळ अभिमान होता, आणि एवढा मोठा अभिमान कुठे ठेवायचा याची तिला सवय नव्हती.

“चल,” ती म्हणाली, “तुझा श्वास कुठे संपतो ते बघू.”

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ताकामात्सुचं सभागृह भरलं. कार्यक्रम सहाचा, पण लोक तीनपासून दारात. रेंजीने शेवटपर्यंत कुरकुर केली होती. रंगमंचावर जायच्या आधी तो पडद्यामागे चिगुसाला म्हणाला, “निदान जरा हळवेपणाने सांग.”

“मी जे झालं ते सांगणार.”

“बरं बाई.” मग हळूच, “मी त्या दिवशी काचेपलीकडे होतो. तुझं वाजवणं संपलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ते तरी सांगशील?”

“ते तू सांग. पस्तीस वर्षांत एकदा तरी खरं बोल.”

गाण्याची वेळ आली. रेंजी माइकपाशी गेला, आणि तो आता ‘शेवटची भेट’ म्हणणार म्हणून लोकांनी रुमाल काढले. तो म्हणाला, “आज चिगुसा बोलेल,” आणि बाजूला झाला. सभागृहात कुजबुज झाली. नवी माइकवर ‘आभार’ याखेरीज कधी काही बोलली नव्हती.

तिने सहा-सात वाक्यांत सांगितलं. वातारु त्या दिवशी कुठे होता, ती कुठून आली, कुणी वाजवलं, नाव का राहिलं, आणि ती जागा ट्यूबामुळे कशी पडली. “इतकी वर्षं सांगितलं नाही, त्याबद्दल माफ करा,” ती म्हणाली आणि वाकली. “वाजवल्याबद्दल मात्र माफी मागत नाही.”

कुणी टाळी वाजवली नाही. दोन हजार माणसं आणि पंख्याचा आवाज. वरच्या गॅलरीत कुणीतरी “खोटं!” असंही म्हणालं, अगदी बारीक आवाजात. चिगुसा माइकपासून हलली नाही.

तेवढ्यात बाराव्या रांगेत एक रुंद खांद्यांचा माणूस उभा राहिला आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, “मी कधीपासून सांगतोय!”

त्याला ओळखणारे आधी हसले, मग त्यांच्या शेजारचे, मग सगळं सभागृह. पाटीपुढे फोटो काढलेले कितीतरी जण तिथे होते, त्यांना आपापले फोटो आठवले असणार. हसणं ओसरायच्या आत रेंजीने माइक घेतला आणि अंगावर आलेल्या काट्याचं सांगितलं. एकाच वाक्यात, न थांबता. चिगुसाने बेस पुढे घेतला आणि सुरुवात केली. चौथ्या आवर्तनाच्या शेवटी तिने श्वास घेतला, आणि तिला स्पष्ट ऐकू आलं की पुढच्या रांगांमधल्या माणसांनीही तिच्याबरोबर घेतला.

सगळ्यांना ते पचलं असं नाही. एका चाहत्याने पंचवीस वर्षं जपलेले सगळे बिल्ले खोक्यात घालून परत पाठवले, सोबत चिठ्ठीही नाही. चिगुसाने त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मुराओकाने नवा लेख लिहिला की पोकळी ही निरोपाचीच आहे, फक्त तो निरोप ट्यूबाचा आहे. वातारुच्या दुकानात गर्दी कमी झाली नाही. लोक आता विचारायचे, ती पाटी तुम्ही नक्की केव्हा लावलीत, आणि त्याला रागावताही यायचं नाही. अल्बमच्या नव्या आवृत्तीत कंपनीने नाव दुरुस्त केलं.

होशिगाकीची ‘बोट’ डिसेंबरात आली. इरोहा शाळेत पोहायची, तिचा श्वास छोटा आणि झपकन आत जाणारा. तिच्या गाण्यात ती जागा दीडच ठोक्यांची झाली. यावर इंटरनेटवर पुन्हा भांडणं झाली. चिगुसाने तिला फोन करून सांगितलं, “माझ्याएवढी करायला जाऊ नकोस. तुझ्या फुप्फुसाएवढी जागा तुझी.” फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला.

नव्या वर्षाच्या पहिल्या तालमीला चिगुसा एक कागद घेऊन आली आणि तिने तो रेंजीच्या स्टँडवर ठेवला. सगळी गाणी आजवर रेंजीच लिहीत आला होता. त्याने कागद चष्म्याजवळ नेला, गुणगुणून पाहिला, दुसऱ्यांदा गुणगुणला.

“चांगलं आहे,” तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलेलं दिसलं. “पण माझ्या गळ्याला फार खाली जातं हे. दोन सूर वर घेऊ या?”

“नको,” चिगुसा म्हणाली. “तुझ्यासाठी लिहिलेलं नाहीये.”

“मग गाणार कोण?”

तिने माइकचा दांडा स्वतःकडे ओढला आणि आपल्या उंचीला खाली केला. त्याचा स्क्रू गंजला होता, कोसाकुने उठून पक्कड आणली. रेंजी क्षणभर तिथेच उभा राहिला. मग कोपऱ्यातली खुर्ची घेऊन बसला, आणि दुसऱ्या आवाजाची ओळ कुठे येते ते कागदावर शोधायला लागला.